विजूचं वाट बघणं

फोन आला तेव्हा मी दुबईतल्या मीना बझारमध्ये साडी फॉल लावायला टाकत होते. स्क्रीनवर अरविंद भावजींचं नाव बघून मला आधी नवलच वाटलं. भावजी मला कधी फोन करत नाहीत. करायची ती विजू, त्यांची बायको, माझी शेजारीण, आणि तीही नेमकी मी कढईत फोडणी टाकलेली असताना. "वहिनी, विजू गेली," भावजी म्हणाले. "सकाळी. हार्ट. चहा गाळत होती..." आणि पुढे काहीच नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले. फोन चालूच होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता, पण शब्द नाही. दुकानदाराने मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. खोटं कशाला बोलू, त्या स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या मनात आधी विजू आली नाही. आधी आलं ते हे, की आता या माणसाचं काय होणार? कारण असा नुसता श्वास घेत गप्प बसलेला अरविंद मी एकदा पूर्वी पाहिला होता, आणि तेव्हा त्याला त्यातून बाहेर काढायला विजू होती.

दुबईच्या अल कुसैस भागात एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत आम्ही निम्मं आयुष्य काढलं. विजू इथल्या एका इंडियन शाळेत भूगोल शिकवायची. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावर पेंगणारं पोरच काय, खालचा वॉचमनसुद्धा दचकून जागा व्हावा. घरातही तीच तऱ्हा. "अरविंद, डावीकडे घे. अरविंद, लेन बदल. अरविंद, हा शर्ट नको." मी म्हणायचे, "अगं, श्वास तरी त्यांचा त्यांना घेऊ दे!" तर म्हणायची, "सुमे, दिवसभर साइटवर हुकूम सोडून येतो तो. घरी एकीचं ऐकलं तर काय बिघडलं?" आणि भावजी मिशीत हसायचे. दुबई मरीनामध्ये एका टॉवरचं काम त्यांच्या हाताखाली चाललं होतं, प्रोजेक्ट मॅनेजर होते ते. दणदणीत माणूस. हिवाळा लागला की सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी जीप भरायची आणि दोघं निघायची उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला. बऱ्याचदा आम्हालाही ओढून न्यायची. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, चाक रुतलं तर खाली पायपुसणी सारायची, तंबू अगदी पाण्याच्या कडेला लावायचा, हे सगळं भावजींनीच आमच्या ह्यांना शिकवलं. इकडचा समुद्र तसा सोज्वळ. पाणी येतं ते भिडस्त पाहुण्यासारखं, पायाशी जरा टेकतं आणि उठून जातं. त्या पाण्यात पाय सोडून विजू ऑस्ट्रेलियाच्या गोष्टी करायची. फळ्यावर तो पूर्व किनारा तिने इतक्यांदा काढला होता, की डोळे मिटून काढला असता. "एकदा तरी त्या किनाऱ्यावरून गाडी चालवत जायचं, जिथे आवडेल तिथे तंबू टाकायचा," म्हणायची. भावजी म्हणायचे, "इन्शाल्ला." दर वर्षी इन्शाल्ला.

मग २००८ची मंदी आली. अमेरिकेत बँका बुडाल्याच्या बातम्या आम्ही टीव्हीवर बघत होतो आणि आपल्याला काय त्याचं म्हणून चॅनल बदलत होतो. बघता बघता मरीनातल्या क्रेन थांबल्या. आज या घरी निरोपाचं जेवण, उद्या त्या घरी. शाळेतली मुलं वर्षाच्या मध्येच नाव काढून जायला लागली, विजूच्या वर्गात बाक रिकामे दिसायला लागले. भावजींच्या कंपनीत वरून हुकूम आला की टीममधली निम्मी माणसं कमी करा, आणि कुणाला काढायचं ते तुम्हीच ठरवा. काय म्हणावं या रीतीला! हाताखालच्या माणसांची घरं भावजींना ठाऊक होती. कुणी नुकतीच बायको आणलेली, कुणाची मुलगी दहावीला. त्यांनी ठरवलं. ठरवणं हेच तर त्यांचं काम होतं. गेलेली माणसं जाताना एकेक करून घरी भेटायला आली, हात हातात घेऊन म्हणाली, "सर, इसमें आपकी क्या गलती..." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विजू म्हणायची. पुढे थोड्याच दिवसांत काम पूर्ण बंद पडलं आणि भावजींच्याही हातात नोकरी गेल्याचं तेच पत्र पडलं. त्याचं त्यांना दुःख झालंसं दिसलं नाही, उलट सुटल्यासारखा चेहरा होता. पण त्या दिवसापासून त्या माणसाने काही ठरवणंच सोडलं.

भाजी कुठली करू? "काहीही." चहा की कॉफी? "काहीही." मग हळूहळू तो 'काहीही'सुद्धा बंद झाला. सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसून राहायचे, टीव्ही चालू असला तर टीव्हीकडे, बंद असला तरी टीव्हीकडे बघत. जीपच्या किल्लीला हात लावला नाही. नोकरी गेली की इथला व्हिसाही जातो, म्हणून भावजींचा व्हिसा विजूच्या नोकरीवर घेतला, शिक्षिकेला तेवढी सोय होती, तेव्हा आमच्या मराठी मंडळातल्या दोघी-चौघी कुजबुजल्या, "आता नवरा बायकोच्या व्हिसावर." मी त्यांना तिथल्या तिथे झापलं, पण विजूच्या कानावर जायचं ते गेलंच. तिने काय केलं, तर ती दुप्पट बोलायला लागली. दोघांचं तीच बोलायची, दोघांचं तीच ठरवायची. बायोडेटा ती पाठवायची, फोन ती लावून द्यायची, "अरविंद, असं सांग, अरविंद, तसं सांग." जितकी ती बोलायची तितके ते आत आत जायचे. मला समोरच्या दारातून ते दिसत होतं, आणि माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

एक दिवस लिफ्टपाशी तिने मला गाठलं. त्यांची मुलगी ऋचा तेव्हा ब्रिस्बेनला शिकत होती. विजू म्हणाली, "शाळेला सुट्टी लागली की मी अरविंदला ऑस्ट्रेलियाला नेतेय. ऋचाच्या मैत्रिणीच्या वडिलांची जुनी जीप आहे, ती मिळतेय. किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं, तंबूत राहायचं." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अशा वेळी कुणी फिरायला जातं?" ती एरवी मला परतून चार शब्द सुनावायची, त्या दिवशी तिचे डोळे भरून आले. "फिरायला नाही गं. मला माझा नवरा परत पाहिजे. इथे ठेवला तर तो त्या सोफ्यातच मुरून जाईल." मी घरी गेले आणि तिला मेतकुटाचा डबा भरून दिला.

त्या प्रवासाची गोष्ट विजूने पुढे मंडळाच्या गणपतीत, वाढदिवसांना, लोक जमतील तिथे सांगितली, आणि दर वेळी आम्ही पोट धरून हसलो. विमानतळावर तिने सगळे डबे प्रामाणिकपणे उघडून दाखवले आणि तिथल्या अधिकाऱ्याने मेतकूट हुंगून तीन शिंका दिल्या. बाहेर न्यायला आलेल्या ऋचाने ते ऐकून कपाळाला हात लावून म्हटलं, "आई, दिस इज सो एम्बॅरसिंग!" मग गाडी. विजू गाडी शिकली दुबईत, म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवणारी. भावजी शिकले पुण्यात, डाव्या बाजूने, आणि ऑस्ट्रेलियातही डावी बाजूच. म्हणजे खरं तर चालवायचं त्यांनी. पण ते बाजूच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसले ते बसलेच. चालवली विजूने. इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर सुरू व्हायचे, त्यामुळे लख्ख उन्हात काच पुसत पुसत ही बाई अर्धा किनारा वर गेली. रात्री तंबूत मुक्काम, सकाळी गॅसच्या शेगडीवर कुकर लावून मुगाची खिचडी, पुढे चला. एवढं करून भावजींचं तोंड उघडलं नाही. समुद्र बघितला की बघत बसायचे, म्हणे, टीव्हीसारखाच.

आणि मग तो किनारा, जिथे परवाना काढला की गाडी वाळूवर नेता येते. आमच्या लोकांना वाळू म्हणजे घरचं अंगण. विजूने थेट पाण्याच्या कडेला गाडी उभी केली, बाजूला तंबू ठोकला, अगदी उम्म अल क्वैनसारखा. जेवण झालं आणि ती तंबूत आडवी झाली. भावजी बाहेर खुर्चीवर. "आणि मग काय सांगू," विजू हात उडवून सांगायची, "भूगोलाच्या मास्तरणीला भरतीने गाठलं! इतकी वर्षं भरती-ओहोटी शिकवली आणि तिथे मेल्यासारखी झोपले. हा तंबूचा पडदा ओढून ओरडतोय, 'विजू, ऊठ! यल्ला, चल! पाणी!' बाहेर येते तर जीपची चाकं अर्धी बुडालेली. तो पॅसिफिक, बाई, आपल्यासारखा नाही, दांडगा! ह्याने धपाधप टायरची हवा सोडली, चटया चाकांखाली घातल्या, मला म्हणतो, 'तिकडे उभी राहा, मी सांगेन तेव्हा ढकल, मध्ये बोलू नकोस.' मला! मध्ये बोलू नकोस! आणि स्टिअरिंगवर बसून काढली की गाडी वर. तंबू गेला, चादरी गेल्या, माझा कुकर गेला तरंगत पॅसिफिकला, शिट्टीसकट!" तिथून पुढे गाडी भावजींनी चालवली. परत आले ते बोलत आले. आले आणि अल कुसैसमध्येच एका भागीदाराबरोबर दुरुस्ती-इंटिरियरचं छोटं कॉन्ट्रॅक्टिंग सुरू केलं, आणि काम जरा जमल्यावर ज्यांना घरी पाठवावं लागलं होतं त्यांच्यातल्याच दोघांना परत बोलावलं. विजूला मी म्हटलं, "तुझा कुकर सत्कारणी लागला बाई."

एक मात्र मला कधी कळलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाहून आल्यावर विजू कमी बोलायला लागली. वर्गात तोच आवाज, माझ्याशी तीच जीभ, पण भावजींच्या बाबतीत गप्प. हॉटेलात गेलो की मेन्यू त्यांच्यापुढे सरकवायची आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसायची. भावजी सावकाश वाचायचे, वेटर या पायावरून त्या पायावर, माझ्या पोटात कावळे. मी म्हणायचे, "अगं, तू सांग ना पटकन!" ती मानेनेच नाही म्हणायची. मला वाटलं, वय झालं, थकली असेल.

आता ती नव्हती. जबल अलीच्या स्मशानात सगळं उरकलं. ऋचा ब्रिस्बेनहून आली, तिथेच नोकरी-संसार आहे तिचा. भावजींचे धाकटे भाऊ पुण्याहून आले. घर माणसांनी भरलं आणि मधोमध सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात भावजी. जेवता का? मान. झोपता का? मान. ऋचा गुडघ्यावर बसून विनवायची, "बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन. कम विथ मी. प्लीज." धाकटे भाऊ म्हणायचे, "दादा, पुण्याला चल, वरचा मजला मोकळाच आहे." दोघंही मनापासूनच म्हणत होती. भावजी दोघांकडे बघायचे आणि पुन्हा समोर. भेटायला आलेली मंडळी सल्ले द्यायची, आणि मीही दिले, दिले नाहीत असं नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "खलास. हा माणूस गेला परत आत. आता कोण काढणार?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

एका संध्याकाळी भेटायला आलेल्यांपुढे मीच कुकरची गोष्ट काढली. म्हटलं, विजूचं काहीतरी हसरं निघू दे या घरात. लोक हसलेही, ओल्या डोळ्यांनी. मग चहाला दूध आणायला मी खाली निघाले तेव्हा भावजी उठून माझ्यामागे लिफ्टपर्यंत आले. इतक्या दिवसांत ते आपणहून उठलेले मी पहिल्यांदाच बघत होते. लिफ्ट आली, दार उघडलं, आणि ते म्हणाले, "वहिनी, ती झोपली नव्हती." मला काही कळेना. लिफ्ट रिकामीच खाली गेली.

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. किनाऱ्यावर उतरायच्या वाटेला मोठी पाटी होती, की भरतीच्या वेळी या खांबांच्या खाली गाडी उभी करू नये, आणि त्या दिवसाची वेळही लिहिलेली. भावजींनी ती वाचली होती. शब्द न् शब्द. वाचली आणि बोलले नाहीत. "कसं सांगू, वहिनी... वाचलं, कळलं, पण ते तोंडापर्यंत येईना. आपण काही ठरवायचं नाही, एवढंच डोक्यात. मी सांगितलं की कुणाचं तरी वाईट होतं." खुर्चीवर बसून ते पाणी येताना बघत होते. तंबूच्या दोरीपर्यंत पाणी आलं, आणि आत विजू आहे हे जसं एकदम कुणीतरी कानात ओरडलं. त्या संध्याकाळी, गाडी वर काढल्यावर, ओल्या कपड्यांत बसून त्यांनी विजूपाशी कबुली दिली, की मला माहीत होतं, मी पाटी वाचली होती. आणि विजू म्हणाली, "तू वाचत होतास तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. भरती काय मला कळत नाही? म्हटलं, आता तरी बोलशील. नाही बोललास. म्हटलं, बघू." "मग तू का नाही बोललीस?" "मी बोलले असते तर जन्मभर मीच बोलत राहिले असते, अरविंद." ती तंबूत डोळे मिटून पडली होती, टक्क जागी, पाणी जवळ येताना ऐकत. घाबरली होती, पण उठली नाही. भावजींनी विचारलं, "किती वेळ थांबणार होतीस?" आणि ती म्हणाली, "ते मी ठरवलं नव्हतं."

मला इतका राग आला विजूचा! लिफ्टपाशी उभी राहून मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. अगं वेडे, पोहता तरी येत होतं का तुला? लोकांना झोपेची गोष्ट सांगून हसवत राहिलीस, भावजींची लाज झाकायला स्वतःला मूर्ख ठरवलंस, आणि मला, समोरच्या दारात राहणाऱ्या मला, कधी एका शब्दाने सांगितलं नाहीस? आणि मग ती खिडकीबाहेर बघत बसलेली विजू आठवली, मेन्यू पुढे सरकवणारी... आणि राग कुठल्या कुठे गेला. भावजी परत आत जाऊन त्याच कोपऱ्यात बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच मान, तीच नजर.

ऋचाची रजा संपत आली. तिकिटं काढायची होती, एक की दोन ते भावजी सांगेनात. आमचे हे म्हणाले, "चला, हवा पालटलीय, उम्म अल क्वैनला जाऊन येऊ." भावजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, गाडीत बसले. किनाऱ्यावर उंच जागी आम्ही खुर्च्या टाकल्या. हे कोळसे पेटवायला लागले, ऋचा फोन कानाला लावून लांब चालत गेली. मी आणि भावजी नुसते बसलो होतो. तेवढ्यात एक नवं जोडपं आलं, नुकतंच इथे आलेलं असावं, तंबूची पिशवीही कोरी करकरीत. दोघं हसत, एकमेकांना सूचना देत तंबू ठोकायला लागली, ओल्या वाळूवर, अगदी पाण्याला लागून. पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला आमचा सोज्वळ समुद्रही जरा अंगात आल्यासारखा करतो. मला ते लगेच दिसलं. मी हाक मारायला तोंड उघडलं...

आणि मिटलं. माझ्यासारखीने तोंड मिटणं म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना विचारा. मी भावजींकडे बघितलं. ते त्या जोडप्याकडे बघत होते. मुलगी आत सतरंजी अंथरत होती, मुलगा खुंट्या ठोकत होता, आणि पाणी हळूहळू वर सरकत होतं. माझे हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेले. विजू, कसं गं जमलं तुला, मी मनात म्हणत होते, तू तर आत होतीस! पाणी सतरंजीच्या काठाला शिवलं आणि तरी मी गप्प बसले. मग खुर्ची करकरली. भावजी उठले, चप्पल न घालता वाळूतून खाली गेले. "इधर मत लगाओ बेटा," त्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला, साइटवरचा, खणखणीत. "पानी यहाँ तक आता है. उठाओ, यल्ला, मैं पकड़ता हूँ." तिघांनी तंबू उचलून वर आणला. ती मुलगी त्यांना थँक यू अंकल म्हणत राहिली.

ते परत येऊन बसले. पाय ओले, पँटला वाळू. ती झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"तसं थांबू नका हो," ते म्हणाले. "मी इथेच राहणार, आपल्या घरात. ऋचाला आत्ताच सांगतो. आता मी बोलत जाईन."